नमुन्याची तिसरी तबकडी

७ जानेवारी

हिने आज नवी कोरी डायरी हातात ठेवली. वाढदिवस नाही, काही नाही. म्हणाली, "तुम्हाला काही सांगायला गेलं तर पोचत नाही. निदान लिहा तरी." इतक्या वर्षांच्या संसारानंतरही टोमणा मारताना हिचा नेम चुकत नाही. पण डायरीचा कागद जाड आहे आणि लिहिण्यासारखं आजच काही घडलं, म्हणून बसलो.

खोक्याने बातमी दिली. खोक्या म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. त्याचं जुन्या रेकॉर्ड्सचं दुकान आहे. दुकान म्हणजे दोन खोल्या आणि जमिनीपासून छतापर्यंत खोकी. कशात काय आहे ते फक्त त्याला माहीत, आणि तेही दर वेळी नाही. रविवारी दुपारी आम्ही चार-पाच जॅझवेडे तिथे जमतो. आमचा एक खेळ होता. खोक्या पडद्यामागे एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती वाजवायचा. एक त्या काळची, एक हल्ली पुन्हा काढलेली. कुठली कोणती ते बाहेरच्यांनी ओळखायचं. मी कधी चुकत नसे. त्यामुळे दुकानात माझं नाव पडलं 'कान'. चष्मे विकण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसाला लोक कान म्हणतात, याचं मला अजून मनातून फार बरं वाटतं. हल्ली तो खेळ होत नाही. खोक्याच म्हणाला, कंटाळा आला.

तर बातमी अशी की स्टेशनसमोरच्या हॉटेलात वाजवणाऱ्या त्या पाच जणांच्या बँडची मूळ टेप सापडली. त्यांची एकच रेकॉर्ड निघाली होती. मी पहिल्या पगारात घेतली, आणि आजवर घरात दुसऱ्या कुठल्याही वस्तूला एवढं जपलेलं नाही. (ही वाचत असेल तर: वस्तूला म्हणालो.) चार पुरुष आणि मागे ड्रमवर एक तरुण मुलगी. ती काठ्या वापरत नाही. तारेच्या ब्रशांनी ड्रम नुसता झाडत असते, आणि त्या झाडण्यावर सगळा बँड चालतो. चौघे गेले. बाई आहेत, ऐंशीच्या पुढे. टेप त्यांच्याकडे टोपीच्या डब्यात होती. खोक्याने विचारलं, नवीन रेकॉर्ड काढू का? त्या म्हणाल्या, "काढा. पण मी आहे तोवर काढा."

कारखाना आधी नमुन्याची तबकडी पाठवतो. ती ऐकून कुणीतरी होकार द्यायचा, मग बाकीच्या छापतात. खोक्या म्हणाला, "होकार तू द्यायचा. कान आपल्याकडेच आहे." मी आढेवेढे घेतले नाहीत.

१६ जानेवारी

बाईंना भेटून आलो. तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, खिडकीत कुंड्या. ड्रमचा सगळा सरंजाम कधीच गेला. एक छोटा ड्रम उरलाय, त्यावर टेलिफोन ठेवलाय. पांढरे केस जुन्या फॅशनने कानांवर ओढून घेतलेले. बोलतात खणखणीत आणि समोरच्याच्या तोंडाकडे टक लावून बघतात. मंचावर वावरलेल्या माणसांची ऐट वेगळीच असते.

"रेकॉर्ड निघाली तेव्हा मी ती आईला ऐकवली," बाई म्हणाल्या. "कंपनीवाल्यांनी ट्रम्पेट एवढा पुढे आणला होता की माझा ब्रश जेमतेम. आईने सगळी ऐकली आणि विचारलं, 'तू काय नुसती बसायला गेली होतीस?'"

मी हसलो. त्याही हसल्या, पण माझ्या आधी थांबल्या.

"टेपवर सगळं आहे. मला एवढंच पाहिजे. मी नुसती बसले नव्हते, हे एकदा तबकडीवर येऊ दे."

मग रेकॉर्डिंगच्या दिवसाच्या गोष्टी निघाल्या. शेवटचं गाणं संपल्यावर यांनी काचेपलीकडच्या माणसाला विचारलं, जमलं का? कुणी उत्तरच दिलं नाही. सगळे जेवायला पळाले होते. "मी आपली ब्रश हातात घेऊन बसलेय," त्या म्हणाल्या.

निघताना त्यांनी पर्समधून ब्रश काढले आणि डाव्या तळव्यावर दोन आवर्तनं झाडून दाखवली. अहाहा! ते मनगट अजून तेच आहे. मी शब्द दिला, "बाई, तुमचा ब्रश मी प्रत्येक ऐकणाऱ्याच्या मांडीवर आणून ठेवतो." जिन्यात खोक्या म्हणाला, जरा जास्तच बोललास. म्हटलं, बघशील.

३ फेब्रुवारी

कारखान्याकडून काही नाही. घरातलंच लिहितो.

हिची अभिरुची बिघडत चालली आहे. दारावरची ती गोड किणकिणणारी बेल काढून ट्रकच्या भोंग्यासारखी बेल बसवून घेतली. म्हणाली, दूधवाला तीनदा परत गेला. मी घरात असताना? शक्यच नाही. जेवायला बसताना ही माझ्या उजव्या हाताला बसायची, ती आता समोर बसते. काही सांगायचं तर आधी येऊन पुढ्यात उभी राहते, जणू मी पोस्टातला कारकून आहे आणि हिला तिकिटं हवीत.

आणि सगळीच माणसं हल्ली पुटपुटतात. मुलगी फोनवर नातीला देते. पोरगी काहीतरी लांबलचक सांगते, मला नुसतं चिवचिव. आम्ही तिला चिमणी म्हणतो ते उगाच नाही. मी "वा, वा, शाबास" म्हणत राहतो. मुलीला सांगितलं, फोन बदल. तिने बदलला. नवाही तसलाच.

हिला कानाच्या डॉक्टरकडे जायचं आहे म्हणे, आणि मी बरोबर यावं असं हिचं म्हणणं. म्हटलं, मला कशाला ओढतेस, बहिणीला ने. ही भांडी आवरायला गेली. हिच्या कानांना काय झालंय कोण जाणे. मला तर ठीक वाटते.

२० फेब्रुवारी

नमुना आला! पांढरं लेबल, त्यावर काही छापलेलं नाही. खोक्या दुकान बंद करून पळत आला. हीसुद्धा हात पुसत येऊन बसली. मी टर्नटेबल पुसलं, सुई तपासली, दिवा मंद केला.

आणि काय सांगू! ट्रम्पेट आहे, पियानो आहे, बास तर पोटात घुमतो. ब्रश नाही. झांज नाही. सगळ्यावर जाड गोधडी टाकल्यासारखं. दोन्ही बाजू पूर्ण ऐकल्या, कारण मी अर्धवट ऐकून निकाल देणारा माणूस नाही. शेवटचं गाणं संपलं तेव्हा खोक्या आणि ही दोघं माझ्या तोंडाकडे बघत होती. खोक्याच्या चेहऱ्यावर तर लहान मुलाला भेटवस्तू देताना असतं तसलं हसू.

"काय?" मी विचारलं.

"काही नाही," खोक्या म्हणाला. "शेवट कसा वाटला?"

"शेवट काय, आरंभ काय, सगळं मुसळ केरात. ब्रश कुठे आहे?"

त्याचं हसू मावळलं. ही म्हणाली, "मला तर छान ऐकू येत होता." हिला ड्रमचा ब्रश आणि कपड्यांचा ब्रश यातला फरक मी समजावून सांगितलेला आहे, तरी.

तबकडी नापास. उद्या कारखान्याला फोन.

२२ फेब्रुवारी

तबकडीवर खाच कोरतो त्या माणसाशी बोललो. मी त्याला कोरक्या म्हणतो. तरुण आहे, नम्र आहे, पण हेकट.

"साहेब, वरचे सूर भरपूर आहेत. मीटरवर दिसतायत."

"मीटर जॅझ ऐकतं का?"

तो म्हणाला, वाढवून दुसरी पाठवतो.

खात्री करायला माझी जुनी प्रत लावली. तिच्यावर ब्रश आहे! पहिल्या गाण्याच्या पहिल्या झाडण्यापासून, अगदी तसाच, जसा मी वयाच्या बाविसाव्या वर्षी ऐकला. खोक्याला फोन करून सांगितलं.

"तुझ्या प्रतीवर?" तो म्हणाला. "अरे, तुझी प्रत तर..."

"तर काय?"

"काही नाही. जपून ठेव."

याला झालंय काय? वाक्यं अर्धी टाकायची सवय याला कधी नव्हती.

१५ मार्च

दुसरी आली. सुई नवी घातली, तारा बदलल्या, स्पीकर भिंतीपासून पुढे ओढले. ही म्हणाली, आता आपण राहायचं कुठे? एवढं करून फरक म्हणाल तर उन्नीस-बीस. ब्रश कुठेतरी दूर, शेजारच्या घरात कुणी केर काढतंय असा. नापास.

कोरक्या वैतागलाय. म्हणाला, "साहेब, आमच्याकडे रांग आहे. अजून एक नमुना करून देतो. तोही परत आला तर तुमचा नंबर पुढच्या वर्षी लागेल." पुढच्या वर्षी! बाईंनी सांगितलं होतं, मी आहे तोवर काढा.

पण चुकीचं ते चुकीचं. मला या कोरक्यावरून माझ्या चष्म्याच्या दुकानातली गिऱ्हाइकं आठवतात. साठीचा माणूस पेपर हातभर लांब धरून यायचा आणि म्हणायचा, हल्ली हे लोक शाई वाचवतात, अक्षरं किती फिकी! मी म्हणायचो, काका, पेपर तोच आहे. ते रागावून निघून जायचे आणि महिनाभराने मुलाचा हात धरून यायचे. दोष आपल्याकडे असेल हे माणसाला सुचतच नाही. कोरक्याचं तेच. मीटर सांगतं म्हणे.

त्याला स्पष्ट सांगितलं, वरचे सूर आणखी चढव, मी सांगतो म्हणून चढव.

८ एप्रिल

आला! ब्रश आला! तिसऱ्या नमुन्यावर पहिल्याच ओळीत सळसळला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. शेवटी ऐकणाऱ्याचा हट्ट कामी येतो. पहिली बाजूच एवढी समाधान देऊन गेली की दुसरी ऐकायची गरज वाटली नाही.

ही मात्र दुसऱ्या गाण्यालाच कानांवर हात ठेवून उठली आणि बाहेर जाऊन उभी राहिली. खोक्याही आला होता. तो खिडकीजवळ उभा राहून बोटांची नखं बघत होता.

"बोल की," म्हटलं.

"तू कान आहेस," तो म्हणाला. "मी काय बोलू? फक्त होकार कळवण्याआधी एकदा बाईंना ऐकवू. त्यांची रेकॉर्ड आहे."

बरोबरच आहे. रविवारी त्यांना दुकानात आणायचं, सोमवारी कारखान्याला होकार. आज मी फार खूश आहे. पण ही अशी बाहेर का गेली? ते मनातून जात नाही.

१२ एप्रिल, रविवार

घडलं तसं लिहितो.

बाई आल्या. खोक्याने खुर्ची मोकळी करून दिली, मी स्वतः तबकडी लावली. ब्रश सुरू झाला. बाईंनी कपाळाला आठ्या घातल्या, मान तिरकी केली. थोडं ऐकलं आणि हात वर केला.

"इथे मागे कुणी काही तळतंय का?"

मला वाटलं गंमत करतायत. खोक्याने सुई उचलली.

"हे माझं वाजवणं नाही," बाई म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "हे कढईतलं तळण आहे. ट्रम्पेट तर दातांत शिरतो. असं कुणी केलं?"

"मी करवून घेतलं," मी म्हणालो. "आधीच्या दोन्हींवर तुमचा ब्रश नव्हताच, बाई. मी शब्द दिला होता तुम्हाला."

त्यांनी खोक्याकडे बघितलं. खोक्या जमिनीकडे बघत म्हणाला, "होता. पहिलीवर अगदी सुरेख होता."

मी चिडलो. काय बोललो ते आता लिहीत नाही. तो नुसता तबकडी कव्हरात घालत राहिला, आणि त्याचाच मला जास्त राग आला.

बाईंनी टेबलावरचं एक रिकामं रेकॉर्डचं कव्हर पुढे ओढलं आणि पर्समधून ब्रश काढले. "या, समोर बसा. मी वाजवते. डोळे मिटा, आणि मी थांबले की हात वर करा. एवढंच."

बसलो. डोळे मिटले. ब्रश चालू झाला, आमच्या रेकॉर्डचं दुसरं गाणं, ती संथ, गोल लय. मी मान डोलावत होतो. वाटलं, काय वाजवतात या वयात! थांबतच नाहीत. चाललंय, चाललंय. कुणी काही बोलेना म्हणून मी डोळे उघडले.

बाईंचे दोन्ही हात मांडीवर होते. ब्रश पर्समध्ये परत गेले होते आणि पर्सची कडीही लागली होती.

खोक्याच्या डोळ्यांत पाणी होतं. बाईंनी डाव्या कानावरचे केस बोटाने बाजूला केले. मागे एक छोटं राखाडी यंत्र होतं.

"मी ड्रमवाली," त्या म्हणाल्या. "माझे तर तुमच्या कितीतरी आधी गेले. मीही बँडवाल्यांना शिव्या घातल्या की हल्ली कुणी नीट वाजवत नाही."

मी कुणाचाही निरोप न घेता घरी आलो. ही दारात उभी होती. खोक्याने फोन केला असणार. ही माझ्या पुढ्यात येऊन उभी राहिली आणि आज मला कळलं की ही पुढ्यात का येते.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"बेल बदलली त्याच्या बऱ्याच आधीपासून."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं," ही म्हणाली. "बऱ्याचदा."

१४ एप्रिल

कारखान्याला फोन केला नाही. काही केलं नाही. दिवसभर त्या पेपर लांब धरणाऱ्या काकांचा चेहरा समोर येत होता. मी त्यांना हसायचो, ते गेल्यावर दुकानात हाताखाली असलेल्या पुतण्याला नक्कल करून दाखवायचो. आज पुतण्या भेटला असता तर त्याने माझी नक्कल करायला हरकत नव्हती.

मी आता रेकॉर्ड ऐकायच्या कशासाठी? जे ऐकू येतं ते आतलंच वाजतंय, तर वीजबिल तरी का वाढवायचं. हिला हे म्हणून दाखवलं. ही म्हणाली, शुक्रवारची वेळ घेतली आहे. या वेळी कुणासाठी ते विचारलं नाही.

१७ एप्रिल

तपासणीला गेलो. गादी लावलेल्या भिंतींची एवढीशी खोली, आत मी, काचेपलीकडे एक तरुण मुलगी. आवाज आला की बटण दाबायचं. बराच वेळ काहीच आलं नाही. मग मला काचेतून दिसलं की तिचा हात सारखा हलतोय. म्हणजे येत होतं.

बाहेर आल्यावर तिने आलेख दाखवला. डावीकडे सपाट, मग घसरगुंडी. "खालचे सूर तुम्हाला चांगले ऐकू येतात. वरचे जवळजवळ नाहीत. ब्रश, झांज, लहान मुलांचा आवाज, सगळं इथे, या उतारावर."

"पण माझ्या जुन्या रेकॉर्डवर मला ऐकू येतो."

"ती तुम्हाला पाठ आहे," ती म्हणाली. "जिथे कान थांबतो तिथून मन पुढे वाजवतं. तुमच्यासारख्या लोकांचं फार छान वाजवतं. त्यामुळेच तुम्ही एवढ्या उशिरा आलात."

ही माझ्याकडे बघून हसली, आणि मला हायसं वाटलं. कसं ते सांगता येत नाही.

मग ती पोरगी एकेक यंत्र लावून विचारायला लागली, "हे बरं की ते बरं? पहिलं की दुसरं?" अगदी माझं वाक्य! तीच लय, तोच दमदार धीर. मी हसायलाच लागलो. म्हटलं, बाळ, हे वाक्य म्हणत मी मुलीचं लग्न लावून दिलं. तिला काही कळलं नाही, पण तीही हसली. गाणं ऐकण्यासाठी यंत्रात वेगळी जुळणी करून देते म्हणाली.

२ मे

यंत्रं मिळाली. देवा रे, काय हा गोंगाट! पेपर उलगडला तर पत्रे फाडल्यासारखं. माझ्याच चपला माझ्या मागून चालतात. फ्रिज कण्हतो. आणि ती बेल! दूधवाल्याने दाबली आणि माझ्या हातून कप सुटला. ही म्हणाली, बदलू या का आता? म्हटलं, आजच.

चिमणीचा फोन आला. ती चिवचिवत नव्हती. तिच्या शाळेत एका मुलाने नाकात खोडरबर घातलं त्याची सविस्तर हकीकत सांगत होती, आणि मी एकदाही वा-वा म्हटलं नाही, प्रश्न विचारले. ती म्हणाली, "आजोबा, तुम्ही आज ऐकताय."

आणि एक. ही स्वयंपाकघरात गुणगुणते. म्हणजे नेहमीच गुणगुणत असावी, मीच मध्यंतरी विसरलो. आज दाराशी उभा राहून ऐकलं. आमच्या रेकॉर्डचं दुसरं गाणं होतं. सुरात.

"हे तुला कुठून येतं?"

"तुम्ही फिरायला गेलात की पहिला नमुना लावते," ही म्हणाली. "मला आवडतो तो."

खोक्याकडेही गेलो. माफी मागायला तोंड उघडलं तर म्हणाला, "आधी बस. पडदा लावतो." पहिल्याच जोडीला मी साफ चुकलो. असा मनसोक्त कधी हसलो नव्हतो.

६ मे

आज पहिला नमुना लावला. ही शेजारी, उजव्या हाताला, जुन्या जागी.

ब्रश आहे. मी आठवणीत वाजवत होतो तसा नाही. त्याहून मऊ आहे, थोडा अडखळता, जिवंत. मला माहीत नसलेल्या जागा आहेत. तिसऱ्या गाण्यात ती मधेच एक झाडणं गाळते आणि सॅक्सोफोनवाला दचकून सावरतो. इतकी वर्षं मी हे स्वतःच्या मनाने नीटनेटकं करून टाकलं होतं. यंत्रामुळे पियानोला थोडी पत्र्याची झाक येते, ते खरं. चालेल.

दुसरी बाजू. शेवटचं गाणं. ट्रम्पेट थांबला, बास थांबला, ब्रशाने एकट्याने एक फेरी मारली आणि तोही विरला. मी उठून सुई उचलायला निघालो, तर हिने माझा हात धरला.

एक खुर्ची करकरली. आणि एका तरुण मुलीचा बारीक, थोडा दम लागलेला आवाज आला, "जमलं का?"

पुढे काही नाही, नुसती तबकडी फिरण्याची घरघर.

मला जानेवारीतली बाईंची गोष्ट आठवली आणि फेब्रुवारीत माझ्या तोंडाकडे बघत बसलेली ही दोघं आठवली. त्यांना वाटलं असणार, आता याला आनंद होईल. मी म्हणालो होतो, सगळं मुसळ केरात. मी डोळे पुसले. हिने बघून न बघितल्यासारखं केलं.

कारखान्याला फोन लावला. होकार पहिल्या नमुन्याला, एक सूरही इकडचा तिकडे करू नका. कोरक्या म्हणाला, "साचा मोडलेलाच नाही, साहेब. तुम्ही कधीतरी मागाल असं वाटलं होतं. या महिन्यातच छापतो." त्याला विचारलं, शेवटचा तो आवाज कुणी ठेवला? म्हणाला, टेपवर होता, कापवला नाही.

मग बाईंना फोन लावला. बराच वेळ वाजला. त्या छोट्या ड्रमवरून टेलिफोन उचलल्याचा बारीक झंकारही मला ऐकू आला.

"कोण?" बाई खणखणीत म्हणाल्या.

खूप काही सांगायचं ठरवलं होतं. तोंडातून एवढंच आलं, "जमलं, बाई."

मला वाटलं, यांना कळलं नाही. मग बाई म्हणाल्या, "इतका वेळ लागतो का सांगायला?"